राऊटर म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं

मे महिन्यात चिपळूणहून मामांचा फोन आला. "अगं, रोज रात्री नऊ वाजले की नेट जातंय. दोन मिनिटांनी येतं, परत जातं. नेटवाला म्हणतो राऊटर जुना झालाय, नवीन घ्या. घेऊ का?"

मी म्हटलं, "मामा, एवढ्यात नको. आज नऊ वाजता राऊटरसमोर खुर्ची टाकून बसा. नेट गेलं की दिवे कसे विझतात तेवढं मला सांगा."

मामांनी ते मन लावून केलं. साडेनऊला त्यांचा फोन: "सगळे दिवे एकदम विझले. मग एक लागला, मग दुसरा, मग सगळे लुकलुकायला लागले."

अर्धं उत्तर तिथेच मिळालं. बाहेरून येणारी लाइन गेली असती, तर राऊटरचा पॉवरचा दिवा शांत जळत राहिला असता आणि फक्त इंटरनेटचा दिवा लाल झाला असता किंवा विझला असता. सगळेच दिवे एकदम जातात तेव्हा राऊटर स्वतः बंद पडून पुन्हा सुरू होत असतो, म्हणजे बहुतेक वेळा त्याला वीज कमी पडत असते. पण रात्री नऊलाच का? कारण नऊला घर भरतं. टीव्हीवर मालिका, मामींच्या हातात फोन, आतल्या खोलीत मुलांचे गेम. राऊटरचा रेडिओ जोरात कामाला लागतो, जास्त करंट ओढतो आणि थकलेल्या अडॅप्टरचा दम सुटतो.

मी राऊटरच्या आणि अडॅप्टरच्या तळाचे फोटो मागवले. राऊटरवर लिहिलं होतं १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर. जुलै २०२१च्या पुरानंतर घर आवरताना सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर राऊटरला लागला होता आणि राऊटरचा कुठेतरी हरवला होता. पिन तीच, व्होल्ट तेच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तो चार वर्षं कसाबसा रेटत राहिला. दोन-अडीचशे रुपयांचा योग्य अडॅप्टर लावला आणि नऊची भानगड संपली.

राऊटर मात्र आम्ही तरीही बदलला. त्याचं कारण वेगळं होतं, त्याच्याकडे येते.

टायर झिजतो तसा राऊटर झिजत नाही. त्याची चिप २०१५ मध्ये सेकंदाला जेवढं काम करायची, तेवढंच आजही करते. म्हणून "जुना झाला, स्लो झाला" असं कुणी म्हटलं की मी विचारते, त्यातलं काय जुनं झालं? माझ्या कामात मला तीन उत्तरं सापडतात. एक म्हणजे वीज आणि उष्णता: अडॅप्टर किंवा आतले कपॅसिटर थकलेले असतात. दुसरं, राऊटर आहे तसाच आहे, पण त्याच्याभोवतीचं घर बदललंय. आणि तिसरं, कंपनीने त्या मॉडेलसाठी सुरक्षेच्या अपडेट्स देणं बंद केलंय. पहिल्यावर बहुतेक वेळा स्वस्तात इलाज होतो. दुसऱ्यात मोजून बघितल्याशिवाय काही ठरवू नये. तिसऱ्याबाबत माझं मत पक्कं आहे: राऊटर कितीही छान चालत असला तरी बदलायचा.

ऊन, धूळ आणि वीज

बहुतेक घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात चालण्यासाठीचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५च्या वर पारा जातो. गच्चीखालच्या खोलीत, बंद टीव्ही युनिटमध्ये, गरम सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेल्या राऊटरची काय स्थिती होत असेल, ते हात लावून बघा. आतले कपॅसिटर म्हणजे विजेचे छोटे रांजण. अडॅप्टरकडून येणारी खाली-वर होणारी वीज ते सपाट करून चिपला देतात. त्यांच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. रांजण लहान होत गेला की वीज थरथरत पुढे जाते आणि राऊटर अधूनमधून अडकतो किंवा स्वतःच रीस्टार्ट होतो. "बंद करून चालू केला की दोन दिवस नीट चालतो" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

तेव्हा नवीन राऊटर घेण्याआधी अडॅप्टर बदलून बघा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. पिनची आतबाहेरची दिशा राऊटरवर काढलेल्या छोट्या चित्राशी जुळली पाहिजे. राऊटरवरचा क्रोशाचा रुमाल काढा, फटींतली धूळ ब्रशने झाडा आणि त्याला चारी बाजूंनी हवा लागेल अशा ठिकाणी उंचावर ठेवा. माझ्या ओळखीच्या तीन-चार घरांत "राऊटर गेला" या निदानावर एवढ्यानेच पडदा पडला.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला होणारा कडकडाट हे वेगळं दुखणं आहे. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची लॅन केबल ओढलेली असेल, तर जवळ वीज पडल्यावर त्या केबलमधून झटका थेट राऊटरच्या पोर्टमध्ये शिरतो. प्लग काढून ठेवला तरी केबल लावलेली असते आणि पोर्ट जळतो. कधी एकच पोर्ट मरतो, कधी राऊटर अर्धवट जिवंत राहतो. असा झटका खाल्लेल्या राऊटरच्या दुरुस्तीच्या मागे मी लागत नाही. गडगडायला लागलं की अडॅप्टर आणि केबल दोन्ही काढा.

भोवतीचं घर

आता दुसरं कारण. दहा वर्षांपूर्वी घेतलेला राऊटर आठवा. तेव्हा घरात एक लॅपटॉप आणि दोन फोन असायचे. आज माणशी एक फोन, टीव्ही, टॅब, दाराबाहेरचा कॅमेरा, इन्व्हर्टरला आणि एसीलासुद्धा वाय-फाय. आणि हे फक्त तुमच्या घरात. पुण्यात माझ्या फ्लॅटमध्ये फोनवर वाय-फायची यादी उघडली, की शेजारीपाजारी धरून पंचवीस-तीस नावं दिसतात.

इथे वाय-फायचा एक मूळ नियम समजून घ्यायला हवा: एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. राऊटर बोलत असेल तर फोन गप्प, तुमचा फोन बोलत असेल तर टीव्ही गप्प, आणि त्याच चॅनेलवर शेजारच्यांचा राऊटर बोलत असेल तर तुमचं सगळं घर गप्प. पाळ्या सेकंदात हजारो वेळा बदलतात, म्हणून आपल्याला सगळं एकदम चाललंय असं वाटतं.

चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट लागतो. चढावर पुढे माल भरलेला एक ट्रक असला, की मागच्या गाड्यांची इंजिनं कितीही दणकट असोत, सगळे ट्रकच्याच वेगाने चढतात. वाय-फायमध्ये तसंच होतं. लांबच्या खोलीतला, कमी रेंजमधला जुना फोन अगदी कमी वेगाने बोलतो, म्हणजे तेवढीच माहिती पोचवायला कितीतरी जास्त वेळ हवा अडवून धरतो. तोवर हॉलमधला नवा फोन थांबून राहतो. वेग कमी आहे म्हणून लोक राऊटरला बोल लावतात, पण घाटातला ट्रक भलताच असतो.

बरेच जुने राऊटर रेडिओ लहरींच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. भारतात हा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या जेमतेम तीनच लेन आहेत: चॅनेल १, ६ आणि ११. त्या तीन लेनमध्ये अख्खी सोसायटी, ब्लूटूथचे हेडफोन आणि मायक्रोवेव्ह ओव्हन. ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. दूध गरम करायला ठेवलं आणि स्वयंपाकघरातला व्हिडिओ अडकला, हा योगायोग नसतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा खूप रुंद आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा भाग मोकळा केला. तुम्ही दाट वस्तीच्या इमारतीत राहत असाल, तुमचा राऊटर फक्त २.४वर चालत असेल आणि संध्याकाळी नेट रांगत असेल, तर तुमच्याकडे बदलण्याचं खरं कारण आहे. शेतावरच्या घरात, जिथे आसपास दुसरं वाय-फायच नाही, तिथे तोच राऊटर सुखाने चालेल. २.४ची लाट भिंतींतून चांगली आरपार जाते, हा तिथे फायदाच.

वाय-फाय ६ या पिढीने गर्दीवर चांगला तोडगा काढला. आधीच्या पिढ्यांत प्रत्येक उपकरणासाठी वेगळी खेप व्हायची, त्यात एवढासा मेसेज असला तरीही. मुंबईचा डबेवाला एका डब्यासाठी एक फेरी मारत नाही, एकाच लाकडी क्रेटमध्ये अनेक घरांचे डबे घेऊन निघतो. वाय-फाय ६चा राऊटर तसंच करतो: एकाच खेपेत अनेक उपकरणांचे छोटे छोटे डबे पोचवतो. त्यामुळे माणसं आणि उपकरणं जास्त असलेल्या घरात फरक जाणवतो. दोनच माणसं राहत असतील तर फारसा जाणवणार नाही, आणि फोन-लॅपटॉपलाही वाय-फाय ६ समजावं लागतं, हे विसरू नका.

मोजून बघा

रविवारी सकाळी अर्धा तास काढा. एक लॅपटॉप, एक लॅन केबल, एक फोन आणि कॅलेंडरच्या जुन्या पानाची मागची बाजू. स्पीड टेस्ट करताना घरातल्यांना दोन मिनिटं टीव्ही बंद करायला सांगा.

पहिला आकडा: नेटवाल्याच्या डब्यातून, ज्याला आपण सगळे मोडेम म्हणतो, केबलने लॅपटॉपवर. काही जोडण्यांमध्ये राऊटरमध्येच युजरनेम-पासवर्ड भरलेला असतो आणि मोडेमला थेट लावलं तर नेट येत नाही. तसं असेल तर नेटवाल्याच्या माणसाला त्याच्या लॅपटॉपवर दाखवायला सांगा. दुसरा आकडा: राऊटरमधून केबलने. तिसरा: राऊटरच्याच खोलीत, तीन-चार पावलांवर, वाय-फायवर. चौथा: जिथून तक्रार येते त्या खोलीत.

पहिलाच आकडा प्लॅनपेक्षा बराच कमी असेल तर दोष लाइनचा आहे. वीस हजारांचा राऊटर आणलात तरी तो सुधारणार नाही. पहिला ठीक आणि दुसरा कमी असेल, तर राऊटरची क्षमता कमी आहे किंवा दोष केबलमध्ये आहे. दुसरा ठीक आणि तिसरा कमी, तर त्याचा रेडिओ जुन्या पिढीचा आहे. तिसरा उत्तम आणि चौथा वाईट असेल, तर मध्ये भिंती आहेत.

दुसऱ्या आकड्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे लोकांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात. शेजारच्या काकूंनी १०० एमबीपीएसचा प्लॅन वाढवून २०० केला. महिनाभर जास्त पैसे भरले, वेग तोच. मी टेस्ट केली: ९४. पुन्हा केली: ९३.८. ९४च्या आसपास घुटमळणारा आकडा दिसला की मी बाकी सगळं बाजूला ठेवून पोर्ट आणि केबल बघते. १०० एमबीपीएसचा लॅन पोर्ट असेल, तर पाकिटांवरचे पत्ते वगैरे वजा जाऊन प्रत्यक्षात साधारण ९४च मिळतात. म्हणजे वाटेत कुठेतरी शंभरची अडवणूक आहे. मोडेमचा पोर्ट, राऊटरचा पोर्ट किंवा दोन्हींमधली केबल.

काकूंच्या घरी केबल होती. शंभरच्या वेगाला केबलमधल्या आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. काकूंच्या केबलच्या टोकाला पारदर्शक प्लगमध्ये डोळे बारीक करून बघितलं, तर तपकिरी तार मागे सरकलेली होती, पितळी पट्टीपर्यंत पोचलीच नव्हती. राऊटर आणि मोडेमने ते ओळखून मुकाट्याने शंभरवर काम चालू ठेवलं होतं. नवी केबल लावली आणि आकडा १९०च्या पुढे गेला. केबल नवी असूनही ९४च राहिला असता, तर राऊटरचा पोर्टच शंभरचा आहे असं समजायचं. मग १००च्या वरचा प्लॅन घेतलेल्या माणसाने राऊटर बदलावा, आणि ५०चा प्लॅन असलेल्याने त्याची अजिबात काळजी करू नये.

तिसऱ्या आकड्याकडून अपेक्षा किती ठेवायची? जुन्या राऊटरच्या खोक्यावर ३०० लिहिलेलं असतं. तो कागदावरचा वेग आहे, दोन अँटेना आणि दुप्पट रुंद लेन धरून. वाय-फाय ४ या जुन्या पिढीचा, एका अँटेनाचा साधा फोन साध्या लेनवर कागदावर ७२ला जोडला जातो आणि हातात चाळीस-पन्नास पडतात. राऊटरच्या शेजारी बसूनही फोनवर ४५च्या वर वेग जात नसेल आणि प्लॅन दीडशेचा असेल, तर रेडिओची पिढी बदलायची वेळ झाली आहे. मात्र आधी फोन २.४वर जोडलाय की ५वर ते बघा. राऊटरमध्ये दोन्ही असतात आणि फोन सवयीने जुन्या नावावरच बसलेला असतो, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

आणि चौथा आकडा. "बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून जास्त दांड्यांचा राऊटर आणला" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. वाय-फाय हे दोघांचं बोलणं आहे. राऊटरने कितीही मोठ्याने हाक मारली, तरी फोनला ओ द्यावी लागते आणि फोनचा आवाज मुळात लहान. राऊटरच्या आवाजालाही कायद्याने मर्यादा आहे. वाड्याच्या दगडमातीच्या भिंती, फ्लॅटमधले आरसीसीचे खांब, आरसा लावलेलं कपाट, पाण्याची टाकी, हे सगळं सिग्नल खातं किंवा परतवतं, आणि ५ गिगाहर्ट्झचा जास्तच.

फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं अ‍ॅप घ्या. ते उणे आकड्यांत सिग्नल दाखवतं. उणे ५० उत्तम. उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० म्हणजे नुसतं नाव दिसतं, काम होत नाही. दर तीन अंकांनी ताकद निम्मी होते, त्यामुळे ६७ आणि ७०मधला फरक दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. आधी राऊटर कोपऱ्यातून घराच्या मध्याकडे आणा. नेटवाला दारातून आत आला, पहिला प्लग पॉइंट दिसला तिथे डबा लावला आणि गेला, एवढ्यावर तो कोपरा ठरलेला असतो. जागा बदलूनही भागलं नाही, तर लांबच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा छोटा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. भिंतीच्या सॉकेटमधला स्वस्त रिपीटर मी सहसा सुचवत नाही. तो तेच बोलणं त्याच हवेत दोनदा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

चारही आकडे छान आणि तरीही मीटिंगमध्ये आवाज तुटतो, असंही होतं. तेव्हा बघा, त्याच वेळी कुणाच्या फोनचे फोटो वर चढत असतात का. टोलनाक्यावर ट्रकची रांग लागली की मागे अडकलेली अ‍ॅम्ब्युलन्स थांबते. तुमचा आवाज ती अ‍ॅम्ब्युलन्स, फोटो ते ट्रक. काही स्पीड टेस्ट आता गर्दीत असतानाचा पिंगही, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळही, दाखवतात. रिकाम्या वेळी १० आणि गर्दीत ३००-४०० मिलिसेकंद दिसले, तर रांग लावण्याची अक्कल असलेला राऊटर उपयोगी पडतो. सेटिंगमध्ये तिला क्यूओएस किंवा एसक्यूएम म्हणतात. वेग वाढवून हे दुखणं पूर्ण जात नाही.

चालतोय, पण अपडेट नाही

अडॅप्टर बदलल्यावर मामांचा राऊटर नीट चालत होता. चिपळूणला गेले तेव्हा मी तो उलटा केला. तळाच्या स्टिकरवर मॉडेलचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात हार्डवेअर व्हर्जन असतं. एकाच नावाच्या मॉडेलचे तीन-चार व्हर्जन असतात आणि प्रत्येकाचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, वेगळं, म्हणून तेही टिपून घ्यायचं. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडलं (काहींचं १९२.१६८.१.१ असतं). पासवर्ड मागितला. मामा म्हणाले, "काय असेल ते असेल, आम्ही कधी उघडलंच नाही." युजरनेम आणि पासवर्ड दोन्हीकडे अ‍ॅडमिन टाकलं आणि दार उघडलं. कंपनीच्या साइटवर त्या व्हर्जनची शेवटची अपडेट २०१७ची होती.

हे गंभीर का, ते सांगते. राऊटर म्हणजे एक छोटा, सतत चालू असलेला संगणक, आणि घरातल्या सगळ्या उपकरणांपुढे उंबऱ्यावर तोच बसलेला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका सापडत राहतात. कंपनी अपडेट देत असेल तोवर त्या बुजवल्या जातात. कंपनी थांबली की पुढे सापडणारी प्रत्येक चूक कायमची उघडी राहते आणि ती सगळ्या जगाला माहीत असते.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कॅमेरे आणि घरगुती राऊटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, कारखान्यातून येणाऱ्याच. त्या तो एकेक लावून बघायचा. मामांच्या अ‍ॅडमिनसारख्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अशा उपकरणांच्या फौजेने साइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अनेकांना उघडेनात. मे २०१८ मध्ये राऊटरमध्ये शिरणारा व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस उघडकीस आला, तेव्हा ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं बाधित असल्याचा अंदाज होता. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नेमका हाच इशारा दिला: अपडेट बंद झालेले राऊटर गुन्हेगार ताब्यात घेतात आणि त्यांच्या आडून स्वतःचे व्यवहार करतात. तुमच्या नेटच्या पत्त्यावरून कुणीतरी फसवणूक करतं आणि माग तुमच्या घरापर्यंत येतो. तुम्हाला मात्र काही जाणवत नाही, कारण नेट छान चाललेलं असतं.

दुसरी रीत जास्त घरगुती आहे. राऊटरमध्ये डीएनएसचा पत्ता भरलेला असतो. डीएनएस म्हणजे नेटची टेलिफोन डिरेक्टरी: बँकेचं नाव सांगितलं की नंबर देते. राऊटरमध्ये शिरलेल्या माणसाने ती डिरेक्टरीच बदलली, तर नाव बँकेचं टाइप करूनही तुम्ही दुसऱ्याच्याच दारात उभे राहता. ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो, पण तो इशारा पुढे ढकलणारी बोटं प्रत्येक घरात असतात. माझ्या घरात आई-वडिलांची आहेत, आणि ती काळजी मला खरोखर वाटते.

त्यामुळे माझा नियम साधा आहे. तुमच्या मॉडेलला दोन वर्षांत एकही अपडेट आली नसेल आणि कंपनी पुढचं काही सांगत नसेल, तर तो राऊटर संपला असं धरा. सेटिंगमध्ये वाय-फायच्या कुलपासाठी डब्ल्यूपीए२ आणि त्यासोबत एईएस हा पर्यायच नसेल, तर आजच बदला. डब्ल्यूपीए२ हे कुलूप २००४चं आहे, चांगल्या लांब पासवर्डसह अजून चालतं. डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये आलं आणि नव्या राऊटरमध्ये ते असतंच. डब्ल्यूईपी २००१ पासून फुटलेलं आहे, त्याला कुलूप म्हणूच नये. राऊटर नेटवाल्याचाच असेल, तर अपडेट देणं त्याचं काम. फोन करून विचारा, आणि डबा जुना असेल तर बदलून मागा. पुष्कळ ठिकाणी मागितल्यावर बदलून देतात. मागितल्याशिवाय सहसा देत नाहीत.

काही जुन्या राऊटरांवर ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चढवून त्यांचं आयुष्य वाढवता येतं. हौस असेल तर जरूर करा. पण ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे अगदी साधे राऊटर त्याच्या नव्या आवृत्त्यांमधून कधीच वगळले गेलेत, आणि मामांचा त्यातलाच होता.

नवीन घेताना फार हुरळून जायचं कारण नाही. तीन हजारांच्या आसपासचा वाय-फाय ६चा राऊटर साध्या दोन-तीन खोल्यांच्या घराला पुरतो. नेटफ्लिक्स ४के व्हिडिओसाठी १५ एमबीपीएस सांगतं, यावरून गरज किती हे लक्षात येईल. खोक्यावर एएक्स१५०० असं मोठं लिहिलेलं असतं. ती दोन पट्ट्यांच्या कागदी वेगांची बेरीज आहे, तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. त्यापेक्षा बारीक अक्षरात सगळे पोर्ट गिगाबिट आहेत का ते वाचा, कारण ५ गिगाहर्ट्झचे काही स्वस्त राऊटर अजूनही शंभरच्या पोर्टचे येतात. आणि कंपनी अपडेट किती वर्षं देते ते तिच्या साइटवर बघा. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांकडून ६ गिगाहर्ट्झचा महागडा राऊटर मागवण्याआधी थांबा. तिकडे तो पट्टा २०२० मध्येच मोकळा झाला, आपल्याकडे दूरसंचार विभागाने त्यातल्या फक्त खालच्या भागासाठीचे मसुदा नियमच मे २०२५ मध्ये काढले. शिवाय घरातल्या फोनांना तो पट्टा कळला पाहिजे.

मामांचा नवा राऊटर माजघरात उंच फळीवर बसला. पहिलं काम म्हणून अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला, तो मामींनी वहीत लिहून ठेवला. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद केलं, आपोआप अपडेट चालू केलं. जुन्याच्या मागच्या बारीक भोकात टाचणी दहा सेकंद दाबून धरली, कारण त्याच्या पोटात वाय-फायचा पासवर्ड आणि नेटवाल्याच्या जोडणीचं युजरनेम असतं, ते कुणाच्या हाती द्यायचं नसतं. मग तो ई-कचऱ्याच्या पिशवीत गेला.

मी निघाले तेव्हा मामा टेबलावर वाकून काहीतरी करत होते. नव्या अडॅप्टरवर त्यांनी पांढरी चिकटपट्टी लावली होती आणि मार्करने ठळक लिहीत होते: राऊटर, १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. मग सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर हातात घेतला आणि त्यालाही पट्टी लावली.